जळलं तर लाकूड

वन्सं, तुमच्या गळ्यात काळी माळ घातली म्हणून नागपूरच्या काकू चहासुद्धा न घेता निघून गेल्या. काल सकाळी तुम्हाला बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं, अर्धं नेहरू नगर अंगणात उभं होतं, आणि त्या सगळ्यांदेखत आम्ही दोघी भांडलो. तुम्ही असतात तर "शैला, आवाज!" एवढंच म्हणून आत निघून गेला असतात. काल तुम्हाला जाता येत नव्हतं आणि मला थांबता येत नव्हतं.

उद्या सकाळी भदभद्याच्या घाटावर अस्थी गोळा करायच्या आहेत. माळ जळून गेली असेल तर ती लाकडाची होती. नसेल तर राखेत काचेचे गोळे सापडतील, तुमच्या हाडांना चिकटलेले, आणि आम्ही घाटावरून घरी यायच्या आत ही गोष्ट नागपूरला पोचलेली असेल. काल मी सगळ्यांसमोर छातीठोकपणे सांगितलं की माळ लाकडाची आहे. आणि घरातल्या आपल्या तिघांनाच ठाऊक आहे, की ती काचेची आहे म्हणून मी इतकी वर्षं तुमच्याशी भांडत आले.

म्हणून लिहायला बसले आहे. घरात बोलायला कोणी नाही. हे गच्चीवर जाऊन बसलेत. निनादचा फोन येऊन गेला, लेक लीड्सहून निघाला आहे, पण उद्या सकाळपर्यंत काही पोचत नाही.

तुमच्याच टेबलाशी बसले आहे. हे टेबल मी एका सरकारी नीलामीत उचललं होतं, आठवतं? तुम्ही म्हणालात, "अगं, विकायला आणलंस ना?" मी म्हटलं, "हे विकायचं नाही. अस्सल सागवान आहे, खालून वास घेऊन बघा." आणि तुम्ही शाळेची इस्त्रीची साडी नेसलेल्या, तशाच खाली वाकून खरंच वास घेतलात. इंग्रजी शिकवणारी बाई माझ्या सांगण्यावरून टेबलाचा वास घेते, याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला होता. बोलले नाही. बोलायचं तर नंतर कधीतरी बोलता येईल असं वाटत राहतं.

माझं दुकान अशाच नीलाम्यांवर उभं राहिलं. यांच्या ऑफिसातल्या मोडक्या खुर्च्या कोणी घेईना, त्या मी बोली लावून उचलल्या, दुरुस्त केल्या, विकल्या. मग टेबलं, मग कपाटं. आता बाग सेवनियात दुकान आहे, मिसरोदला गोदाम आहे. बोटाने वाजवून आणि नखाने खरवडून लाकूड ओळखण्यात अख्ख्या भोपाळात माझा हात कोणी धरत नाही. भाव करण्यात तर नाहीच. समोरच्याच्या तोंडून "ले जाओ, भाभीजी" ऐकल्याशिवाय मी आजवर कुठल्या दुकानाची पायरी उतरलेली नाही. एकदाच उतरले. तुमच्यामुळे.

या टेबलाच्या खणात कोणीतरी विसरलेलं एक विलायती कॅलेंडर निघालं होतं. त्याच्या एका पानावर कड्यावरचा पडका मठ, खाली बंदर आणि लाल कौलांची घरं. तुम्ही नाव वाचलंत, व्हिटबी. ते पान फाडून तुम्ही भिंतीला लावलंत. अजून समोर आहे. निनादने आम्हा नवराबायकोला इंग्लंडला बोलावलं, यांच्या गुडघ्याने नकार दिला आणि यांच्याऐवजी तुम्ही यायचं ठरलं, तेव्हा हे म्हणाले होते, "ताईचं इंग्रजी आणि हिचा आवाज. पोचतील दोघी." तिथे गेल्यावर निनादने विचारलं, "आत्या, लंडन बघायचं की आणखी काही?" तुम्ही पर्स उघडलीत आणि भिंतीवरचं हे पान काढून त्याच्यासमोर धरलंत. चार घड्या घालून सोबत आणलं होतंत! मला एका शब्दाने सांगितलं नव्हतंत.

व्हिटबीला वारा असा होता की माझा पदर उलटा होऊन माझ्याच तोंडावर आला. निनाद गाडी लावायला जागा शोधत फिरत होता आणि आपण बंदराच्या कठड्याशी उभ्या होतो. एका पांढऱ्या समुद्रपक्ष्याने माझ्या हातातली दशमी उचलून नेली. मी त्याला हिंदीत शिव्या घातल्या.

"शैला, त्याला हिंदी येत नाही," तुम्ही म्हणालात.

"मग तुम्ही इंग्रजीत घाला."

आणि तुम्ही हसलात. तोंडावर हात न धरता, दात दाखवून. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुम्ही आधीपासून इथे होतात, नवरा गेल्यावर माहेरी परत आलेल्या. तेव्हा तुमचं वय माझ्या आजच्या सुनेएवढंसुद्धा नव्हतं. तुम्ही पगार आणत होतात, निनादचा अभ्यास घेत होतात, माझ्या तापटपणावर पांघरूण घालत होतात. पण असं हसताना मी तुम्हाला पाहिलं नव्हतं. तुमच्या गळ्यात बारीक साखळीसुद्धा कधी पाहिली नव्हती. सासूबाई असताना ते चाललं नसतं. त्या गेल्यावर तुम्हीच चालू दिलं नाहीत.

मग ती दगडी गल्ली. आणि त्या दुकानाची खिडकी. खिडकीभर काळे मणी.

"वन्सं, इथे मंगळसूत्रं विकतात?" मी विचारलं. दुसरं काय वाटणार? आपल्याकडे काळे मणी म्हणजे एकच गोष्ट.

आत एक म्हातारी बाई होती, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. ती तुम्हाला सारखी "लव्ह" म्हणत होती. ओळख ना पाळख, आणि लव्ह. तिने एक माळ तुमच्या तळहातावर ठेवली. ती सांगत होती, तुम्ही मला मराठीत सांगत होतात. हा दगड दिसतो पण दगड नाही. कधीकाळचं झाड आहे, चिखलात दबून काळं झालेलं. या समुद्राकाठच्या कड्यांमधून निघतं. हलकं असतं, हातात धरलं तर ऊबदार लागतं. काही दुकानांत याच्या नावाखाली काच विकतात, आमच्याकडे नाही. मी मनात म्हटलं, बाई, हेच वाक्य मी रोज प्लायवूडबद्दल बोलते.

पुढे ती म्हणाली, पूर्वी इथली एक राणी विधवा झाली, तेव्हापासून तिने हेच घातलं. मग देशभरातल्या बायका घालू लागल्या. नवरा गेला की गळ्यात हे.

इथे तुम्ही भाषांतर थांबवलंत.

"विडोज?" तुम्ही तिला विचारलंत.

"विडोज, लव्ह."

तुम्ही माझ्याकडे वळलात आणि अगदी हळू आवाजात म्हणालात, "अगं, इथे हे विधवा घालतात. काळे मणी." जसं काही त्या दुकानात आणखी कोणाला मराठी कळणार होतं.

आता माझं ऐका, कारण हे तुम्ही कधी ऐकून घेतलं नाहीत. मी धंद्यातली बाई. मालातली खोट कानावर पडली की माझं डोकं आपोआप भावाकडे जातं. समोरचा माल आधी पाडून बोलायचा, मग उचलायचा. कपाट कितीही आवडलेलं असो, "वाळवी लागली आहे, कोण नेणार?" असंच म्हणायचं असतं. म्हणून मी त्या बाईला माझ्या इंग्रजीत म्हटलं, "दिस विडो माला. हू टेक? नोबडी टेक. यू गिव्ह लेस."

ती गोंधळली. तिने चष्मा डोळ्यांवर चढवला, माळेच्या चिठ्ठीकडे पाहिलं. मला ते पाहणं ओळखीचं आहे. भाव उतरायच्या आधी माणूस असंच पाहतं. तिचे ओठ हललेसुद्धा.

आणि तुम्ही म्हणालात, "आय विल टेक इट."

चिठ्ठीवर जो भाव होता तो. वर "सॉरी, मॅडम". ते सॉरी कोणासाठी होतं वन्सं? माझ्यासाठी माफी मागितलीत? शाळेत द्वाड मुलीच्या वतीने मागतात तशी? मी तिथे तुमच्या शेजारी उभी होते, बटवा उघडून. माळ मी तुमच्यासाठीच घेत होते. निघताना हातात ठेवणार होते. तुम्ही माझा सौदाही मोडलात आणि माझं देणंही.

वर मठाकडे जाणाऱ्या पायऱ्या आपण एकमेकींशी न बोलता चढलो. वर कबरस्तान. खाऱ्या वाऱ्याने दगडांवरची अक्षरं खाल्लेली. तुम्ही माळ घातली होतीत, तुमच्या बदामी साडीवर, स्वेटरच्या बाहेर काढून. आणि एकेका दगडाशी थांबून वाचत होतात. समुद्रात गेलेला नवरा, त्याच्याखाली पुष्कळ वर्षांनी त्याची बायको. तुम्ही नवऱ्यांची नावं सोडून देत होतात, बायकांची मोठ्याने वाचत होतात.

मला राहवलं नाही. "काच आहे ती," मी म्हटलं. "फसलात."

"लाकूड आहे. हात लावून बघ, ऊब लागते."

"तुमच्या अंगाची."

"मग असू दे की."

तिथून लीड्स, लीड्सहून विमानतळ, माळ तुमच्या गळ्यात होती. झोपतानाही होती. दिल्लीला उतरल्यावर तुम्ही तोंड धुवायला गेलात आणि परत आलात तेव्हा गळा मोकळा.

"काढलीत?"

"घर आलं," तुम्ही म्हणालात.

त्यानंतर ती माळ स्टीलच्या गोल डब्यात, तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्यांखाली. एकदाही घातली नाहीत. मंडळाच्या गणपतीला नाही, निनादच्या लग्नात नाही. माझा खरा राग हा आहे. माझा सौदा मोडून, भर दुकानात मला खाली पाहायला लावून घेतलेली वस्तू तुम्ही डब्यात ठेवलीत! मी म्हणायचे, "घालायची नव्हती तर घेतलीत कशाला?" तुम्ही वर्तमानपत्राचं पान उलटायचात. मग मी दुसऱ्या बाजूने यायचे. "काचच आहे. सुई तापवून टोचू, लाकूड असेल तर जळका वास येईल. आत्ता निकाल लागतो."

"डाग पडेल."

"पडू दे. घालता कुठे?"

"माझी आहे, शैला."

असं किती वेळा झालं असेल. हे तर उठून बाहेर जायचे. शेवटचं झालं ते गेल्या दिवाळीत, फराळाचे डबे पुसताना. तुम्ही झाकण लावत म्हणालात, "मी गेले की जाळून बघ. मग कळेल तुला." आणि हसलात, हात तोंडावर धरून.

मस्करीत म्हणालात, की सांगून ठेवलंत? परवा दुपारी तुम्ही खुर्चीतच गेलात तेव्हापासून मी हेच विचारते आहे. एवढं तरी सरळ बोलायचं होतं. आणि दुकानातल्या माझ्या त्या बोलण्याने तुम्हाला लागलं असेल, तर तेही तिथेच बोलायचं होतं. मी मालाला नावं ठेवली होती. नोबडी टेक हे मालाबद्दल होतं. तुमच्याबद्दल नव्हतं. हे सांगायची वेळ तुम्ही माझ्यावर कधी येऊच दिली नाहीत, कारण तुम्ही कधी विचारलंच नाहीत. समोरचा बोललाच नाही तर सौदा होतो कसा?

काल तुम्हाला न्हाऊ घातलं, तुळशीपत्र ठेवलं. मी डबा उघडला, गोळ्या बाजूला केल्या, माळ काढली आणि तुमच्या गळ्यात घातली. सकाळच्या गाडीने आलेल्या काकू उशाशीच बसल्या होत्या.

"अगं, हे काय? विधवेच्या गळ्यात काळी पोत?"

"पोत नाही. माळ आहे. त्यांची आहे."

"काढ ती. लोक बघताहेत. विनायक, सांग हिला."

हे दाराशी उभे होते. तुम्हाला माहीतच आहे, अशा वेळी हे भिंतीकडे बघतात. काल बघितलं नाही. म्हणाले, "ताईची आहे ना, मग ताईबरोबर जाऊ दे."

गुरुजींनी मला बाजूला घेतलं. "वहिनी, माझ्या विधीला अडत नाही. पण काच असेल तर जळत नाही. हाडांत गोळे सापडतात, बांगड्यांचे सापडतात तसे. मग त्या अस्थी नर्मदेत नेताना लोक चार गोष्टी बोलतात."

"काच नाही, लाकूड आहे," मी म्हटलं. कसं म्हटलं मला कळलं नाही.

"खात्री आहे?"

"गुरुजी, माझा धंदाच लाकडाचा आहे."

माझा आवाज अंगणापर्यंत गेला. काकू उठल्या. "आणि काच निघाली तर? आयुष्यभर बिचारी कशी राहिली, आणि जाताना हिच्यामुळे शोभा. मी सांगेन सगळ्यांना, भावजयीने कशी पाठवणी केली ती."

"सांगा," मी म्हटलं. "भोपाळमधून फोन लावून देऊ का?"

हे जरा जास्तच झालं. शेजारच्या शर्मा भाभी मला धरून म्हणाल्या, "भाभीजी, शांत हो जाइए, दीदी सुन रही होंगी." मला तेच हवं होतं. ऐकत असाल तर एकदा तरी उत्तर द्या.

आता अंधारायला आलं आहे. हे गच्चीवरून उतरले, दाराशी आले. "शैला, खरंच लाकूड आहे ना गं?" म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. वन्सं, मी आयुष्यात खोट्या मालाची हमी दिलेली नाही. काल पहिल्यांदा न तपासलेल्या मालाची दिली. उद्या गोळे निघाले तर मला कोण काय म्हणेल याचं मला काही नाही, मी पुरून उरेन. पण तुमचं नाव निघालं की ते गोळे निघतील. ते मला सहन होणार नाही.

*

जाऊन आले.

घाटावरचा माणूस चाळण घेऊन तयार होता. "अम्मा, आप उधर बैठिए, हम छान देंगे."

"मैं छानूँगी," मी म्हटलं.

गुरुजी बाजूला सरले. राख अजून कोमट होती. मी गळ्याच्या बाजूला बसले आणि आधी बोटांनी सुरुवात केली, मग चाळणीने. प्रत्येक काळ्या खड्यापाशी हात थांबत होता. कोळसा. कोळसा. प्रत्येक कोळसा मी नखाने दाबून बघितला, चुरा झाला की पुढे. हे माझ्यामागे उभे होते, त्यांचा श्वास ऐकू येत होता. हाडं गोळा करत गेले, स्वच्छ, पांढरी. कशालाही काही चिकटलेलं नव्हतं. एकदा बोटाला टणक लागलं आणि माझा हात तिथेच राहिला. उचललं तर बारीकशी कडी, माळ मागे अडकवायची. धातूची, काळवंडलेली. फक्त कडी. एक मणी नाही, एक गोळा नाही.

"काच नाही," गुरुजी म्हणाले.

यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी पुन्हा एकदा सगळी राख चाळली. "बास, शैला," हे म्हणाले. मी तिसऱ्यांदा चाळली.

घरी येऊन आंघोळ केली आणि काकूंना फोन लावला. "काच नव्हती," मी म्हटलं.

"बरं झालं बाई. पण पोत ती पोतच ना."

"पोत नव्हती काकू. व्हिटबीला विधवा घालतात ते."

"कुठे?"

"व्हिटबीला. इंग्लंडात, समुद्रावर. प्रभाताई जाऊन आल्या होत्या."

काकूंचा आवाज उतरला. मग विचारलं, "प्रभाला आवडलं होतं का गं तिथे?" मी म्हटलं, खूप हसल्या होत्या. आणि तो दशमीचा किस्सा सांगितला. त्या तेराव्याला येणार आहेत.

कडी अस्थींबरोबर पाठवलेली नाही. तुमच्या कॅलेंडरच्या पानाचा खिळा आहे ना, त्याला अडकवली आहे.

लाकूडच होतं, वन्सं. मला ओळखता आलं नाही, हे मान्य. या वादात तुम्ही जिंकलात आणि मी ते घाटावर, चारचौघांत बघितलं. पण दुकानातलं मी सोडणार नाही. ती बाई चिठ्ठीकडे बघत होती, तिचे ओठ हलले होते, भाव उतरणारच होता. माळ तुम्हालाच मिळणार होती, माझ्या हातून. थोडंसं गप्प बसला असतात तर काय झालं असतं? एरवी आयुष्यभर बसलातच ना.